मोटर कळमेश्वरहून चालू झाली पाहिजे

नंदनवन भागातल्या आमच्या स्वानंद अपार्टमेंटची पाण्याची मोटर आमच्याच घरात राहते. म्हणजे मोटर तशी जिन्याखाली आहे, पण तिचं बटण आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर. आमची नूपुर जन्मली त्या वर्षी सोसायटीने "थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्या, देशकर" म्हणून ते बटण आत आणून बसवलं. नूपुर आता पुण्याला नोकरी करते. बटण अजूनही थोड्याच दिवसांसाठी आहे.

पूर्वी ते बाहेर होतं तेव्हा जो तो मोटर चालू करायचा आणि बंद कोणीच करायचं नाही. मग एका उन्हाळ्यात ऑटोमॅटिक मशीन लावलं. त्याने पहिल्याच आठवड्यात खालचं टाकं कोरडं असताना मोटर फिरवली आणि जाळली. तेव्हा आमचे अध्यक्ष रुपरावजी, ज्यांची लकडगंजात लाकडाची वखार आहे आणि ज्यांचा आवाज लाकूड कापायच्या आरा-मशीनवर आयुष्य काढल्यामुळे कायमचा चढलेला आहे, त्यांनी सभेत ठराव मांडला: "ज्याले स्वतःची अक्कल आहे असं मशीन यापुढे मोटरले लावाचं नाही." ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरी म्हणून तो मीच लिहून घेतला. म्हणजे बटण माणसानेच दाबायचं, आणि ते माणूस म्हणजे माझी बायको प्रमोदिनी, कारण मी दिवसभर शहराबाहेर कळमेश्वरच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळत असतो.

उन्हाळ्यात खालच्या टाक्यात नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आलं की मोटर लावून ते वर चढवावं लागतं. त्यामुळे मे महिन्यात प्रमोदिनी घर सोडून कुठे जात नाही. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी दर मे महिन्यात चिखलदऱ्याला जातात, थंड हवेत कणसं खातात आणि फोटो पाठवतात. प्रमोदिनी ते फोटो फ्रिजपाशी उभी राहून पाहते. यंदा गाडी ठरवणाऱ्या दीपमालाने रोज संध्याकाळी फोन लावला. "येतेस का वं, का मोटर सांभाळतेस?" एवढंच विचारायची. हे स्पीकरवर मला ऐकू यायचं, आणि खरं सांगतो, वाईट वाटायचं.

मी शेजाऱ्यांना विचारून पाहिलं. घराची किल्ली देतो, चार दिवस कोणीतरी बटण दाबा. रुपरावजींचे गुडघे दुखायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या कामिनीताईंना बटणाच्या शॉकची भीती होती. बाकीच्यांनी "तुमच्या घरात तुम्ही नसताना आम्ही कसं शिरायचं" असा इतका आदर दाखवला, की मलाच संकोच वाटला.

तेव्हा मी जाहीर केलं की मोटर मी कळमेश्वरहून चालू करीन. स्वतःची अक्कल मशीनला द्यायची नाही, अक्कल माझीच वापरायची, म्हणजे ठरावही मोडत नाही. प्रमोदिनी म्हणाली, "कळमेश्वरहून एकदा चालू करून दाखवा, मग मी बॅग भरते."

आमच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल विभागात धर्मेंद्र आहे. त्याने एका रविवारी येऊन नूपुरचा इंजिनिअरिंगच्या वेळचा जुना कॉम्प्युटर मोटरला जोडून दिला. खालच्या टाक्यात पाणी किती आहे हे माझ्या फोनवर दाखवणारी एक वायर टाकली आणि 'पाणी' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम कुठूनतरी आणून बसवला. 'पाणी चालू' लिहिलं की मोटर चालू, 'पाणी बंद' लिहिलं की बंद. कॉम्प्युटरवर नूपुरने लिनक्स टाकून ठेवलेलं होतं, म्हणजे काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचे. धर्मेंद्रने वायरींवर टेप गुंडाळली आणि म्हणाला, "वायरीचं माह्याकडे लागलं, साहेब. पडद्याच्या आतलं आता तुमचं तुम्ही पाहून घ्या. मी तिकडे जात नाही."

पडद्याच्या आतलं पहिलं संकट असं की नुसतं 'पाणी' म्हटलं तर कॉम्प्युटरला कळेना. प्रोग्रॅम ज्या कप्प्यात ठेवला होता त्याचा अख्खा पत्ता, तिरप्या रेघा देत, दर वेळी लिहावा लागायचा. प्रमोदिनीने तो पत्ता एकदा वाचला आणि म्हणाली, "एवढं लिहीपर्यंत मी बटण दाबून, दूध तापवून परत येईन."

मी चौकशी केली. कॉम्प्युटरला एखादं नाव सांगितलं की ते कुठे कुठे शोधायचं हे ठरलेलं असतं, त्याला पाथ म्हणतात. आमच्या घरात कात्री शोधतात तसंच ते. शिलाई मशीनचा खण पाहायचा, फ्रिजचं डोकं पाहायचं, देवघराची खिडकी पाहायची. तिथे नसली की कात्री हरवली असं जाहीर करायचं, मग ती समोर टेबलावर का पडलेली असेना. तेव्हा धर्मेंद्रचा कप्पा त्या पाथमध्ये घालायचा, एवढंच काम होतं. त्यासाठी एक फाइल असते, आपण हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली की कॉम्प्युटर आधी ती फाइल वाचतो. मी ती फाइल उघडली आणि अगदी वर, पहिल्या ओळीत, 'श्री' लिहिलं.

यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे नवी कोणतीही गोष्ट लिहायला घेतली की आधी श्री. किराण्याची चिठ्ठीसुद्धा तशीच सुरू होते. त्याखाली मी धर्मेंद्रच्या कप्प्याचा पाथ लिहिला, फाइल ठेवली, नवी खिडकी उघडली आणि कॉम्प्युटरने उत्तर दिलं: 'श्री: कमांड नॉट फाउंड'.

पुढे जे झालं ते आणखी वाईट. फाइली दाखव म्हटलं, तर नॉट फाउंड. फाइल उघड म्हटलं, तर नॉट फाउंड. काल येत असलेलं सगळं तो आज विसरला होता. मी खुर्चीत मागे टेकून बसलो तेवढ्यात रुपरावजी मोटरचं काय झालं ते पाहायला आले.

"काय म्हणून राहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"श्री सापडत नाही म्हणतो."

रुपरावजींनी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या आणि मग आत आले. "अनंतराव, यंत्राले देव नाही सापडून राहिला, हे काही बरोबर नाही. सत्यनारायण घालून टाका."

तोवर कामिनीताई आल्या. त्यांनी कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेकडे आहे हे ओळखलं. दक्षिणेकडे तोंड करून कोणाला काही सापडत नाही, असं त्यांचं मत पडलं. आम्ही टेबल फिरवलं. त्यात एक वायर निसटली आणि मोटर आपोआप सुरू झाली, ती प्रमोदिनीने धावत जाऊन बटणाने बंद केली. दारातून निघताना कामिनीताई म्हणाल्या, "पाहा, काहीतरी फरक पडला की नाही."

चूक दोन दिवस शोधल्यावर सापडली. पाथमध्ये जुन्या जागा तशाच ठेवून शेवटी आपली जागा जोडायची असते. मी फक्त आपली लिहिली होती. नवी सून घरात आणताना सासू, सासरे, नणंदा सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग विचारलं की चहा कोण करणार, असा तो प्रकार. ज्या हुकमाचा अख्खा पत्ता लिहिला तो मात्र अजून ऐकत होता, त्या आधारावर मी फाइल पुन्हा उघडून जुन्या जागा परत घातल्या.

श्रीचा प्रश्न जास्त नाजूक होता. फाइलमधली प्रत्येक ओळ म्हणजे हुकूम असं कॉम्प्युटर समजतो. एखादी ओळ त्याने वाचू नये असं वाटलं तर तिच्या आधी जाळीसारखं # हे चिन्ह काढायचं. म्हणजे श्रीच्या डोक्यावर 'इकडे लक्ष देऊ नका' अशी पाटी लावायची. माझा हात होईना. श्री काढून टाकायलाही हात होईना. मी प्रमोदिनीला विचारलं.

"नैवेद्य दाखवताना आपण देवापुढे पडदा ओढतोच की," ती म्हणाली. "तसं समजा."

मी पडदा ओढला. त्याबरोबर कॉम्प्युटर गप्प झाला आणि 'पाणी चालू' म्हटल्यावर जिन्याखाली मोटर धडधडली. मी घरात बसून ती सात-आठ वेळा चालू-बंद केली. दर वेळी कोणीतरी नवं दारात येऊन पाहायचं. मान डोलवणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की रुपरावजींनी तातडीची सभा बोलावली.

आमच्या सभा गच्चीवर होतात आणि ज्याची खुर्ची त्याने आणायची असते. रुपरावजींनी मुद्दा काढला, "मोटर सगळ्यायची. मंग पासवर्ड एकट्या सेक्रेटरीले काहून?" पारदर्शकता राहावी म्हणून पासवर्ड नोटीस बोर्डावर लावावा, असा प्रस्ताव आला. पासवर्ड बोर्डावर लावला तर तो पासवर्ड राहत नाही, हे मी त्यांना चार प्रकारे समजावलं. कामिनीताई म्हणाल्या की बोर्डाला काच लावू. शेवटी पासवर्ड पाकिटात घालून, पाकीट लाखेने बंद करून, रुपरावजींच्या कपाटात ठेवायचं ठरलं. लाख वखारीतली होती. मी पाकीट दिलं आणि घरी येऊन पासवर्ड बदलला.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात पोहोचलो. दुपारी खालचं टाकं भरल्याचं दिसलं. स्टोअर्समधला सगळा स्टाफ माझ्या मागे गोळा झाला होता, कारण गेले आठ दिवस मी दुसरं काही बोलतच नव्हतो. मी ऑफिसातून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो, पासवर्ड दिला, आत गेलो, 'पाणी चालू' लिहिलं आणि उत्तर आलं: 'पाणी: कमांड नॉट फाउंड'.

मी घरी फोन केला. प्रमोदिनीला म्हटलं, जरा टेबलापाशी बसून तेच लिही. तिने लिहिलं. फोनमध्ये मोटर ऐकू आली. मी कळमेश्वरहून तेच अक्षर न अक्षर लिहिलं, नॉट फाउंड. कॉम्प्युटर तोच, खातं तेच, नाव तेच. बायको घरात बसून मागते तेव्हा पाणी मिळतं, आणि घरचा मालक कळमेश्वरहून मागतो तेव्हा असं काही आमच्याकडे नसतं म्हणून सांगतात. माझ्या मागचा स्टाफ हळूहळू आपापल्या टेबलाकडे गेला. धर्मेंद्र तेवढा थांबला. "काहून टेन्शन घेऊन राहिले, साहेब," तो म्हणाला. "घरचं माणूस बाहेरून आलं का त्याले कोणी ओळखतच नाही. माह्याकडेही तसंच आहे."

त्या संध्याकाळी दीपमालाचा फोन आला तेव्हा प्रमोदिनीने स्पीकर लावला नाही. "अजून काही सांगता येत नाही वं," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला जेवण गेलं नाही.

पण देशकर हार मानत नाहीत. निदान या देशकराला माघार घ्यायची सोय नव्हती, अख्ख्या अपार्टमेंटमध्ये गाजावाजा झाला होता. मी वाचत बसलो आणि असं निघालं की कॉम्प्युटर दोन वेगळ्या फाइली वाचतो. घरात बसून काळी खिडकी उघडली की एक वाचतो, आणि बाहेरून लॉगिन करून कोणी आलं की दुसरीच. माझा पाथ घरच्या फाइलमध्ये होता. बाहेरून येणाऱ्याला तो ठाऊकच नव्हता. उपाय सोपा होता. बाहेरच्यांच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की आधी घरची फाइल वाच. म्हणजे पाथ एकाच जागी राहतो आणि घरचा-बाहेरचा भेद उरत नाही.

ओळ लिहिली आणि तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट इथे संपली असती. पण मनात आलं, आता बाहेरूनही माणसं येणार. आपल्या दाराशी माणूस आलं आणि आपण काही बोललो नाही, ही काही रीत नाही. तेव्हा घरच्या फाइलमध्ये, श्रीच्या लगेच खाली, मी एक ओळ घातली, म्हणजे कोणीही आलं की कॉम्प्युटर आधी म्हणेल: 'या, बसा. पाणी घ्या.' प्रमोदिनीला दाखवलं. तिलाही आवडलं. हे लिहून मी इतका खूश झालो, की फोनवर एक बटणही तयार केलं. ते बटण दाबलं की ते स्वतःच घरी जाऊन हुकूम देऊन परत येतं. त्यात मी माझी थोडी हुशारी घातली. उत्तराचा पहिला शब्द 'चालू' असेल तर सगळं ठीक. दुसरं काही आलं तर काहीतरी बिघडलंय असं समजून मोटर ताबडतोब बंद करायची, आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

शनिवारी सकाळी, नळ आल्यावर, मी मुद्दाम गेटच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. रुपरावजी, कामिनीताई, बाकीचे सगळे जिन्यापाशी. मी बटण दाबलं.

मोटर सुरू झाली. टाळ्या वाजल्या. मोटर बंद पडली. मग सुरू झाली, मग बंद पडली. मी गेटबाहेरून पाहत होतो, माझ्या फोनवर काही दिसत नव्हतं, आणि जिन्याखाली मोटर उचकी लागल्यासारखी करत होती. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी चेहऱ्याला साबण लावलेल्या अवस्थेत खिडकीतून डोकावलं. रुपरावजी ओरडले नाहीत, पण त्यांचा साधा आवाजही चौकापर्यंत जातो. "अनंतराव, मोटर काहून असं करून राहिली? तिची तब्येत बरी नाही का?"

प्रमोदिनीने आत जाऊन फ्रिजवरचं बटण दाबलं आणि मोटर नीट चालू केली. मग ती दारात येऊन उभी राहिली. मी गेटच्या आत आलो तेव्हा माझ्या बाजूला कोणी उभं नव्हतं. कामिनीताईंनी टेबल उत्तरेकडेही तोंड करून पाहायला सांगितलं, पण त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा विश्वास नव्हता.

बिघाडाचं कारण घरात जाऊन बसल्यावर पाच मिनिटांत कळलं, आणि मला हसावं का रडावं ते कळेना. माझं बटण घरी जायचं, कॉम्प्युटर त्याला म्हणायचा 'या, बसा. पाणी घ्या.' बटणाला फक्त 'चालू' ऐकायचं होतं. ते या-बसाने घाबरायचं, मोटर बंद करायचं आणि पुन्हा दार वाजवायचं. कॉम्प्युटर पुन्हा तितक्याच अगत्याने म्हणायचा, या, बसा. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते. मधल्या मधे मोटरचा जीव चालला होता.

प्रमोदिनीला सांगितलं तर ती खुर्चीवर बसून हसली, इतकी की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. "कुरिअरवाल्यालाही तुम्ही असंच करता," ती म्हणाली. "तो बिचारा सहीसाठी उभा असतो आणि तुम्ही त्याला चहा विचारता."

मग मीही हसलो. आणि पाहुणचाराची ओळ घरच्या फाइलमधून काढून बाहेरच्यांच्या फाइलमध्ये नेली. ती फाइल फक्त नीट लॉगिन करून येणाऱ्यांसाठी वाचली जाते, नुसता हुकूम देऊन जाणाऱ्या बटणासाठी नाही. माणूस आलं तर या, बसा. बटण आलं तर काम सांग आणि नीघ. पाथ मात्र दोघांनाही मिळाला. श्री पडद्याआड जिथल्या तिथे.

सोमवारी कळमेश्वरहून मी बटण दाबलं. या वेळी मागे कोणी जमलं नव्हतं, एकटा धर्मेंद्र होता, तोही डबा खात. फोनवर 'चालू' असा एकच शब्द आला. मी घरी फोन लावला. प्रमोदिनीने लगेच उचलला नाही. मग म्हणाली, "मी जिन्याखाली उभी आहे. चालू झाली हो." आणि थोडा वेळ आम्ही दोघंही मोटर ऐकत राहिलो. संध्याकाळी ती बॅग भरायला बसली. भरता भरता म्हणाली, "ते बटण माझ्याही फोनवर टाकून ठेवा. असू द्या आपलं." मी टाकलं.

बुधवारी पहाटे गाडी आली. सगळ्या मैत्रिणी चढल्या, दीपमालाने प्रमोदिनीचा हात धरून तिला आत ओढलं, आणि गाडी गेली. घर रिकामं वाटलं. मी ऑफिसला गेलो.

दुपारी खालचं टाकं भरलं. मी मोठ्या रुबाबात बटण दाबलं, तर उत्तर आलं: 'चालू आहे, आधीपासूनच'. रुपरावजींना फोन केला, तर म्हणाले, "मोटर मस्त चालून राहिली, तुम्हीच केली ना?" मी केली नव्हती. पाकीट फोडलं का, म्हणून विचारलं. पाकीट तसंच होतं, आणि त्यात तर जुना पासवर्ड. शेवटी प्रमोदिनीला फोन लावला. तिकडे वारा जोरात होता आणि पाच-सहा बायका एकदम बोलत होत्या.

"अहो, मीच केली," प्रमोदिनी म्हणाली. "आम्ही एका पॉइंटवर उभ्या आहोत, समोर दरी आहे. दीपमाला म्हणाली, करून दाखव. मी केली. आता सगळ्याजणी रांगेत उभ्या आहेत, प्रत्येकीला एकदा आपल्या हाताने करायची आहे. तुम्ही मध्ये हात घालू नका."

मला जरा लागलं. म्हटलं, "अगं, तुला त्या मोटरपासून चार दिवस सुटका मिळावी म्हणून तर मी हा सगळा घाट घातला. तू ती तिकडेही घेऊन गेलीस?"

"घरात तिच्यासाठी मी थांबत होते," ती म्हणाली. "इथे ती माझ्यासाठी थांबली आहे." मग मागे काहीतरी कुजबुज झाली, हसणं झालं, आणि ती पुन्हा फोनवर आली. "अहो, चिखलदऱ्याहून तर झालं. पण पुढच्या मे महिन्यात पार शिमल्याहून होतं का, हे कोणीतरी जाऊन पाहायला नको का? दीपमाला गाडी ठरवते म्हणते."

मी म्हटलं, पाहायलाच पाहिजे, सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न आहे.